दोन किंवा त्यापुढचं कोणतंही

न्हाव्याने विचारलं, "किती बारीक करू?" खुर्चीतला माणूस म्हणाला, "करा कसेही. चालेल." न्हाव्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. असं गिऱ्हाईक त्याला आवडत नसे. भांडणारं परवडतं, निदान कात्री कुठे थांबवायची ते कळतं.

*

एका बाईच्या फोनवर सकाळी संदेश आला: 'अभिनंदन! आपली मुदत यशस्वीपणे पूर्ण झाली आहे. इतक्या वर्षांच्या आपल्या चिकाटीचं आम्हाला कौतुक वाटतं.' तिचा नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता. तिने तो संदेश दोनदा वाचला. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं, असं तिला वाटलं.

*

पांढऱ्या फुलांचं एक पुष्पचक्र, त्यावर काळी फीत, लिफ्टमधून एकटंच वर चाललं होतं. ज्याने आणलं त्याची गाडी खाली भलत्या जागी उभी होती, म्हणून त्याने ते आत ठेवून बटण दाबलं आणि पळ काढला.

*

एका निवृत्त मास्तरांना घरी बाळ आल्याबद्दल शुभेच्छा मिळाल्या. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने संदेश वाचून मास्तरांकडे पाहिलं. त्या दिवशी त्या घरात नंतर फारसं बोलणं झालं नाही.

*

टोपी घालून काम करणाऱ्या एका माणसाने एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा टाइप केला. दोनाचा तीन. मग तो घरी जाऊन शांत झोपला.

*

न्हावी आदल्या संध्याकाळचा, टोपीवालाही आदल्या संध्याकाळचा. बाकी सगळं दुसऱ्या दिवशीचं. टोपीवाल्याने फक्त आकडा बदलला होता. पुढचं सगळं घडवलं ते न्हाव्याच्या खुर्चीतल्या त्या माणसाने, आणि तेही काहीही न करता.

दोन किंवा त्यापुढचं कोणतंही

ऑफिसात त्याला सगळे चालेलराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथेही ते कुणी वाचत नसे.

चालेलराव एका विमा कंपनीच्या संगणक विभागात तुकडे जोडायचं काम करीत. कंपनीचं सॉफ्टवेअर कुणी एकट्याने सलग लिहिलेलं नव्हतं. पत्ते शोधणारा तुकडा एका टोळीचा, तारखा मोजणारा दुसऱ्या टोळीचा, ग्राहकांना पाठवायचे मजकूर सांभाळणारा तुकडा वरच्या मजल्यावरच्या टोपीवाल्याचा. प्रत्येक तुकड्याला आवृत्तीचा आकडा असे. किरकोळ डागडुजी झाली की टिंबानंतरचा आकडा वाढे. मुळातच काही फिरवलं की टिंबाआधीचा. चालेलरावांनी एवढंच लिहून ठेवायचं, की कुठल्या तुकड्याची कुठली आवृत्ती आपल्याला चालते. रोज पहाटे यंत्र ते वाची, चालणाऱ्यांपैकी सगळ्यात नवी उचली आणि सगळे तुकडे एकत्र बांधून कामाला लावी. या बांधणीला ऑफिसात बिल्ड म्हणत. बिल्ड नीट झालं की पडद्यावर हिरवा दिवा लागे आणि त्या दिवसाचे संदेश आपोआप सुटत.

मजकुरांच्या तुकड्यापुढे चालेलरावांनी फार पूर्वीच लिहून ठेवलं होतं: दोन किंवा त्यापुढचं कोणतंही.

शेजारच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या कामात चुका काढणाऱ्या, आणि त्याचाच पगार घेणाऱ्या शंकासुराने तेव्हाच विचारलं होतं, "त्यापुढचं म्हणजे कुठपर्यंत?"

"येईल ते."

"तीन आलं तर?"

"चालेल की."

"बघितल्याशिवाय?"

"अरे, नवीन येईल ते जुन्यापेक्षा बरंच असणार ना!"

शंकासुराने मान वळवून स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं. त्याची स्वतःची दोन लग्नं झाली होती.

हो किंवा नाही

त्या दिवशी चालेलरावांचा वाढदिवस होता. सकाळ राखाडी होती. जिन्यातला दिवा दिवसासुद्धा चालू ठेवावा लागे अशा इमारतीत ते राहत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसे.

बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर माणसाला घास चावता येत नाही, असल्या कामात तिची वीस वर्षं गेली होती. आता दूरच्या एका शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. रात्रभराचा प्रवास. सुट्टीत यायचं, सुट्टी संपली की जायचं.

"ते लोक आज संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत," ती म्हणाली. "हो किंवा नाही, एक काहीतरी कळवायचंय."

"हं."

"हं म्हणजे?"

"म्हणजे तू ठरव. मला काहीही चालेल."

"मी गेले तर?"

"चालेल ना."

"नाही गेले तर?"

"तर... तेही चालेल."

"एकटा राहशील तू? या घरात?"

"राहीन की. नाहीतर मीच तिकडे येईन. नाहीतर बघू काहीतरी."

ओट्यावरचं फडकं तिने उगीचच पिळलं. "अरे, मी तुला कपड्याचा रंग विचारत नाहीये. मी राहू का जाऊ, ते विचारतेय."

खरी गोष्ट अशी होती, की तिने जावं असं चालेलरावांना मुळीच वाटत नव्हतं. गेला आठवडाभर ते रात्री उठून, ती शेजारी आहे ना, ते बघत. पण 'जाऊ नकोस' म्हटलं, आणि ती राहिली, आणि पुढे एखाद्या संध्याकाळी खिडकीशी उभी राहून तिने सुस्कारा टाकला, तर तो सुस्कारा कुणाच्या नावावर? त्यापेक्षा दोन्ही दारं उघडी ठेवलेली बरी. दोन्ही दारं उघडी ठेवली की घरात वारा खेळता राहतो, अशी त्यांची समजूत होती. घरातल्या माणसाला त्याच वाऱ्याने थंडी वाजते, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

"उशीर होतोय," ते म्हणाले. "तुला योग्य वाटेल ते कर. मी तुझ्या पाठीशी आहे."

"पाठीशीच असतोस रे," बायको म्हणाली. "कधी समोर ये."

तीन

ऑफिसात शिरताच रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्या हातात फोन कोंबला. "साहेब, तुमच्याच विभागाचं आहे. मला काही समजत नाहीये."

पलीकडे एक म्हातारा आवाज होता. "मी आज सकाळी वारलो का?"

"अं? कोण बोलतंय?"

"तेच तर ठरवायचंय. माझ्या बायकोला तुमच्या कंपनीचा संदेश आलाय. 'आपल्या पतीच्या दुःखद निधनाबद्दल आम्ही आपल्या शोकात सहभागी आहोत.' मी तिला म्हटलं, अगं, मी हा इथे बसलोय. ती म्हणते, एवढी मोठी कंपनी, उगीच कशाला लिहील?"

"काका, आज तुमचा वाढदिवस आहे का?"

"आहे ना! म्हणून तर मीही जरा विचारात पडलो. या वयात दोन्ही एकाच दिवशी येऊ शकतं."

"काका, तुम्ही जिवंत आहात."

"हे लेखी द्याल का? तोंडी तिला पटत नाही. लेखी आलंय ते मेल्याचंच."

चालेलरावांनी फोन ठेवला तोवर रिसेप्शनवरचे बाकीचे फोन वाजू लागले होते.

शंकासुर आपल्या जागेवर बसून पडद्याकडे बघत होता. इतका समाधानी तो क्वचितच दिसे. "या," तो म्हणाला. "तीन आली. काल संध्याकाळी टोपीवाल्याने सोडली, पहाटे आपल्या यंत्राने उचलली. कारण तुम्ही लिहिलंय, कोणतंही."

"काय बदललंय तीनमध्ये?"

"मोजणी. आधी मजकूर एकपासून मोजले जायचे. पहिला वाढदिवस, दुसरा निधन, तिसरा मुदतपूर्ती, चौथा बाळ. आता तो शून्यापासून मोजतो. आपण पहिला मागितला की हातात येतो निधनाचा."

"म्हणजे सगळे एकेक घर पुढे सरकले?"

"सगळे. ज्यांचा वाढदिवस, ते गेले. जे गेले, त्यांची मुदत पूर्ण. ज्यांची मुदत पूर्ण, त्यांना बाळ. तसं बघितलं तर यात थोडं तत्त्वज्ञान आहे."

"आणि ज्यांना खरंच बाळ झालंय?"

"त्यांना कोरा संदेश गेलाय. तेवढा एक बरोबर म्हणता येईल. पुढचं कुणाला सांगता येतंय?"

निधनाचा संदेश वारसाला जातो. म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या प्रत्येक पुरुषाच्या बायकोला आणि प्रत्येक बाईच्या नवऱ्याला सकाळी सकाळी कंपनीने अतिशय सभ्य भाषेत कळवलं होतं की आता सगळं संपलं आहे.

चालेलराव जिना चढून टोपीवाल्याकडे गेले. टोपीवाला खुर्चीत मागे रेलून बसला होता.

"अरे, सांगायचं तरी होतंस!"

"सांगितलं ना."

"कधी?"

"दोनाचा तीन केला. टिंबाआधीचा आकडा बदलला. याहून मोठ्याने मी कसा ओरडणार? तो आकडा म्हणजेच बोंब असते, भाऊ. 'इथे सगळं फिरवलंय, बघून घ्या' अशी. तुम्ही लिहून ठेवलंय की बोंब मारली तरी चालेल."

चालेलराव खाली आले. खिशात फोन थरथरला. पडद्यावर अक्षरं होती: घर. त्यांना वाटलं, हो की नाही ते विचारायला केला असणार. त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

दोन किंवा पुढचं, पण तीनच्या आत

उपाय तसा सोपा होता. चालेलरावांनी ओळ बदलली: मजकुरांचा तुकडा दोन किंवा पुढचा, पण तीनच्या आत. बटण दाबलं. पडद्यावर लाल दिवा लागला.

"पत्त्यांचा तुकडा अडून बसलाय," शंकासुर म्हणाला. "तो म्हणतो, मजकूर तीन किंवा पुढचा असेल तरच मी येणार."

"हे त्याने कधीपासून म्हणायला सुरुवात केली?"

"त्याच्या नव्या आवृत्तीपासून. ती आपण कधी घेतली? तर पत्त्यांपुढेही तुम्ही..."

"कळलं."

एक म्हणे तीनच्या आत, दुसरा म्हणे तीन किंवा पुढे. अशा दोघांना एका पंगतीला कसं बसवायचं? यंत्राने प्रयत्न केला, थोडा वेळ घुरघुरलं आणि मग सरळ नाही म्हणालं. एका यंत्राला इतकं स्वच्छ नाही म्हणता येतं, हे पाहून चालेलरावांना क्षणभर त्याचा हेवा वाटला.

तेवढ्यात विभागाच्या मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या बाई. पण आवाज असा की ऐकणाऱ्याने उगीच सदऱ्याची बटणं तपासावीत.

"काय झालं?"

"दोन तुकड्यांचं जुळत नाहीये, मॅडम."

"मग?"

"दोन-तीन मार्ग आहेत. म्हणजे असंही करता येईल, किंवा तसंही..."

"तुम्हाला कुठला योग्य वाटतो?"

"मला..." चालेलरावांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "तुम्ही म्हणाल तो चालेल."

मॅडम दाराकडे वळल्या. "मी वर संचालकांकडे चाललेय, सांगायला, की आपण आज सकाळपासून किती ग्राहकांना मारलं. परत येईपर्यंत काहीतरी करून ठेवा."

'काहीतरी' हा शब्द चालेलरावांच्या कानाला ओळखीचा वाटला. त्यात ऊब होती. त्यांनी हात चोळले. "आपण असं करू," ते म्हणाले, "दोघांनाही मोकळं सोडू. काही अटच नको. यंत्रच बघेल कुणाचं कुणाशी जुळतं ते."

"मी नको म्हणतोय, हे लक्षात ठेवा," शंकासुर म्हणाला.

"अरे, भांडण कशावरून होतं? अटींवरून. अटी काढल्या की भांडण मिटलं."

कोणतंही, कोणतंही

भांडण मिटलं. हिरवा दिवा लागला. चालेलरावांनी खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"हिरवा लागला की संदेश सुटतात," शंकासुर हळूच म्हणाला.

चालेलरावांनी डोळे उघडले.

मोकळं सोडलेलं यंत्र नेहमीप्रमाणे सगळ्यात नवीन ते उचलून आलं होतं. मजकूर तोच, तीन. पत्त्यांचा तुकडा मात्र त्याच सकाळी सुटलेला, अंगावरची हळदही न उतरलेला. त्याच्या कर्त्यांनी एक नवी सोय केली होती: संदेश एकट्या वारसाला पाठवण्याऐवजी नोंदीतल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवावा. आनंदाची बातमी सगळ्यांना कळलेली बरी, असा त्यांचा चांगला हेतू होता.

रिसेप्शनवरचे फोन आता वाजायचे थांबतच नव्हते. तो म्हातारा आवाज पुन्हा आला.

"आता माझ्या मुलीला आलाय. जावयालाही. व्याह्यांनासुद्धा. सगळे निघालेत इकडे यायला."

"काका, त्यांना सांगा की चूक झालीय."

"सांगितलं. जावई म्हणतो, धीर धरा बाबा, पहिल्या धक्क्यात असं होतं. मलाच सांगतोय!" मग आवाज जरा खाली आला. "एक विचारू? सगळे येतायत. दोन वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. तुमची दुरुस्ती उद्या केलीत तर नाही का चालणार?"

चालेलराव यावर सवयीने जे म्हणणार होते, ते त्यांनी या वेळी गिळलं.

पालथा फोन टेबलावर सरकत होता. थरथरत थरथरत तो पार कडेपर्यंत गेला. चालेलरावांनी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. किती चिकाटीने विचारतेय, त्यांना वाटलं.

हे त्यांना नंतर कळलं

कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या वाढदिवसाला ऑफिसात पुष्पगुच्छ पाठवी. फुलं कुठली, हेही त्या मजकुराच्या क्रमांकावरूनच ठरे. तेव्हा लिफ्टमधून वर आलेलं पुष्पचक्र चालेलरावांचं होतं, आणि काळ्या फितीवर सोनेरी अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने ते वाचलं आणि तिला भडभडून आलं. सकाळपासून तिने इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की एवढं निमित्त पुरेसं होतं. हे आत नेऊन द्यावं का? नको. बिचाऱ्याचा दिवस आधीच वाईट चाललाय. तिने ते भिंतीला टेकवून उभं केलं.

त्याच वेळी चालेलरावांचा मेहुणा आत आला.

बहिणीला संदेश आला तेव्हा तो तिला म्हणाला होता, "ताई, काहीतरी घोटाळा असेल, भावजींना फोन लाव." ताई सकाळपासून तेच करत होती. मग त्याला स्वतःलाही तोच संदेश आला. ऑफिसचा फोन लागेना. म्हणून तो स्वतः आला, आणि त्याने पाहिलं: पुष्पचक्र, फितीवर नाव, शेजारी डोळे पुसणारी मुलगी.

"म्हणजे खरं आहे?" त्याने विचारलं.

आणखी एक तक्रारवाला आला, असं मुलीला वाटलं. मॅडमनी शिकवून ठेवलेलं वाक्य ती हुंदका आवरत म्हणाली, "आम्हाला अतिशय खेद आहे. कंपनी शक्य ते सगळं करतेय."

मेहुण्याने मान हलवली. पुष्पचक्रापुढे क्षणभर मान खाली घालून उभा राहिला. मग जिन्याने उतरून गेला, कारण लिफ्टमध्ये रडताना लोक बघतात.

आत, एका भिंतीपलीकडे, चालेलराव चहात बिस्किट बुडवत होते.

फक्त हेच

मॅडम संचालकांकडून आल्या. खुर्ची ओढून चालेलरावांच्या शेजारी बसल्या. हे कधी घडलं नव्हतं.

"आता ऐका. प्रत्येक तुकड्यापुढे एकच आवृत्ती लिहायची. फक्त हीच. 'पुढचं कोणतंही' हे शब्द मला कुठेही दिसता कामा नयेत."

"मॅडम, मग नवं काही आपोआप येणार नाही."

"नाहीच यायला पाहिजे. आलं तर दार वाजवून येईल. आपण बघू, मग घेऊ."

"पण कुठली लिहू?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"तुम्ही सांगितलंत तर..."

"मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चालेलरावांनी उरलेला दिवस त्यात घातला. तुकडे पुष्कळ होते. प्रत्येकाच्या जुन्या आवृत्त्या काढायच्या, कुणाचं कुणाशी जुळतं ते वाचायचं, लावून बघायचं. आणि मग शेवटी, सगळं वाचून झाल्यावरही, एक जागा उरायची जिथे कुणीच काही सांगत नसे आणि नुसतं ठरवावं लागे. पहिल्या तुकड्यापुढे त्यांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं. मजकूर: फक्त दोन पूर्णांक चार. लिहिलं. छत कोसळलं नाही. पत्ते: ही जुनी, जिचं दोनशी भांडण नव्हतं, फक्त ती. दिवे गेले नाहीत. तारखा: फक्त हीच. शंकासुर शेजारून म्हणाला, "का हीच? ती का नको?" आणि चालेलराव म्हणाले, "कारण ती नको." दोघेही दचकले.

हिरवा दिवा लागला. योग्य माणसांना योग्य संदेश गेले. सकाळी मेलेल्यांना संध्याकाळी दीर्घायुष्य चिंतलं गेलं. राहिला माफीनामा. कायदा विभागाने त्याचा मसुदा धाडला: 'आपले आप्त हयात असल्यास आधीचा संदेश रद्द समजावा, नसल्यास कायम समजावा.' त्याला मंजुरी मिळायला दुसरा दिवस उजाडणार होता.

चालेलरावांनी ड्रॉवर उघडून फोन काढला. घर, घर, घर, घर. पडदाभर तेच. सगळ्यात खाली मेहुण्याचा एकच संदेश: 'हा फोन ज्या कुणाजवळ असेल त्याने कृपया संपर्क करावा. सामान आम्ही येऊन घेऊन जाऊ.'

चालेलरावांनी ते वाचलं. मग आजची तारीख पाहिली. मग, सबंध दिवसात पहिल्यांदाच, आपण कुठल्या कंपनीचे विमेदार आहोत ते त्यांना आठवलं.

घरचा फोन बंद लागत होता. बाहेर पळताना भिंतीशी स्वतःचं नाव दिसलं. पण थांबायला वेळ नव्हता.

एकच

दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग होता. दार लोटलेलं. आतून हळू बोलणं ऐकू येत होतं, आणि चालेलराव उंबऱ्याबाहेरच थबकले. आपल्याच घरी जिवंत कसं शिरतात, हे त्यांना सुचेना.

"ताई," मेहुणा आत म्हणत होता, "फोटोखाली दोन ओळी लिहायच्यात. भावजींना काय आवडायचं?"

आत एक कपबशी किणकिणली.

"रंग वगैरे?"

"कुठलाही चालायचा."

"गाणी?"

"लावू ते ऐकायचा."

"फिरायला? वाचायला? एखादी वस्तू, जिच्यावर जीव होता?"

"आठवत नाही रे," बायको म्हणाली. आवाज रडून रडून सपाट झाला होता. "दुपारपासून तेच आठवत बसलेय. बावीस वर्षं झाली. एक गोष्ट सापडत नाहीये."

"स्वभावाने मात्र गरीब," शेजारच्या काकू म्हणाल्या. "कुणाला कधी 'नाही' म्हणाले नाहीत."

"'हो'सुद्धा नाही म्हणाला, काकू."

चालेलरावांनी दार ढकललं.

काकूंच्या हातातली कपबशी खाली पडली. मेहुणा उठला, बसला, पुन्हा उठला आणि अखेर भिंतीला धरून उभा राहिला. "भावजी," तो म्हणाला, "पण मी पुष्पचक्र बघून आलो हो!" जणू चूक पुष्पचक्राची नव्हती, यांची होती.

बायको जागची हलली नाही. मग उठून समोर आली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारलं, जोरात, आत कुणी आहे का ते बघितल्यासारखं.

"फोन का नाही उचललास?"

"मला वाटलं, तू नोकरीचं विचारशील."

"म्हणजे मेलेलं परवडलं, पण उत्तर द्यायला नको?"

"ऐक."

"दिवसभर मी..."

"ऐक ना. जाऊ नकोस."

ती थांबली. खोलीतले सगळेच थांबले. काकू कपाचे तुकडे वेचता वेचता तशाच वाकून राहिल्या.

"काय म्हणालास?"

"जाऊ नकोस. तू गेलेली मला चालणार नाही."

"तुला? चालणार नाही?"

"नाही."

"परत म्हण."

"चालणार नाही," चालेलराव म्हणाले. या वेळी आवाज आधीपेक्षा मोठा निघाला. "तुला राग येईल. पुढे मला दोषही देशील. दे. पण मला हेच हवंय, दुसरं काही नको."

बायकोने पदराने नाक पुसलं, आणि तिला हसू फुटलं. मग ते हसू मध्येच कुठेतरी अडलं, आणि तिने चेहरा त्यांच्या खांद्यात लपवला. बराच वेळ ती तशीच राहिली. मेहुण्याने सगळ्यांना खुणेने बाहेर काढलं. काकू जाताना म्हणाल्या, "बघा, मेल्यावर तरी सुधारले."

चालेलराव तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आयुष्यात एकदा नेमकं बोललो, आणि वेळेवर बोललो, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की ती काहीच बोलत नाहीये, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

होकाराचा मेल तिने दुपारीच पाठवला होता, चालेलराव मेलेले असताना.